हसवणाऱ्या गुन्हेगारी कथेला गाव माहीत हवं

५ फेब्रुवारी १९४१ रोजी सकाळी 'एस. एस. पॉलिटिशियन' हे मालवाहू जहाज खराब हवेत वाट चुकलं आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांपैकी एरिस्केजवळच्या खडकांवर चढून रुतलं. लिव्हरपूलहून जमैका आणि तिथून अमेरिका असा त्याचा प्रवास होता. खलाशी सगळे वाचले. जहाजाच्या पोटात इतर मालाबरोबर व्हिस्कीच्या अडीच लाखांहून अधिक बाटल्या होत्या, शिवाय जमैकाला पाठवलेल्या दहा-दहा शिलिंगांच्या नोटा होत्या. महायुद्ध चालू होतं आणि बेटांवर व्हिस्की मिळेनाशी झाली होती.

पुढचे कित्येक आठवडे एरिस्के, बॅरा, साउथ यूइस्ट आणि आसपासच्या बेटांवरचे लोक रात्री होड्या घेऊन त्या जहाजावर जात राहिले. मालाच्या कोठारात पाणी आणि तेल साचलेलं. त्यात उतरून पेट्या वर काढायच्या, होडीत भरायच्या आणि उजाडायच्या आत घर गाठायचं. अंगावरच्या तेलाच्या डागांनी चोरी उघडी पडू नये म्हणून काही पुरुषांनी बायकांचे जुने झगे चढवले होते, असं तिथले लोक अजून सांगतात. बाटल्या सशांच्या बिळांत गेल्या, गवताच्या गंजीत गेल्या, जळणासाठी रचलेल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या, ढिगांत गेल्या. बेटावरच्यांच्या लेखी यात चोरी नव्हती. समुद्राच्या घशात जाणारा माल जो वाचवील त्याचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. अबकारी खात्याच्या लेखी मात्र ही उघड लूट होती, आणि निर्यातीचा माल असल्यामुळे त्यावर कर भरलेला नव्हता, हा वर आणखी एक गुन्हा. घरांची झडती झाली. लॉकमॅडीच्या शेरीफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, पहिल्या काहींना काही पौंडांचा दंड झाला. अबकारी अधिकाऱ्यांचं तेवढ्यावर समाधान होईना. पुढे काही जणांना काही आठवड्यांची कैद झाली. उरलेली व्हिस्की कुणाच्या हाती लागू नये म्हणून शेवटी जहाज सुरुंगाने उडवण्यात आलं.

या प्रकरणावर कॉम्पटन मॅकेंझी यांनी १९४७मध्ये 'व्हिस्की गलोर' ही विनोदी कादंबरी लिहिली, आणि १९४९मध्ये तिच्यावर चित्रपट आला. तो बॅरा बेटावरच चित्रित झाला होता. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं एक छोटं गाव, तिथे घडलेला एक गुन्हा आणि त्यातून उभा राहणारा विनोद, या साच्याचं नाव काढलं की अजूनही आधी हीच कथा आठवते. आज हा साचा जोरात आहे. इंग्रजीत दरवर्षी अशी पुस्तकं येतात, त्यांच्या मालिका होतात, आणि मराठी घरांतही त्या ओटीटीवर रात्री जेवणानंतर आवडीने पाहिल्या जातात. माझं म्हणणं असं की या प्रकाराने त्याचा मूळ प्रश्न हरवला आहे. कुठला गुन्हा पकडला जातो, कुठला सुटतो, आणि तो गुन्हा आहे हे ठरवतं कोण, हा तो प्रश्न. तो काढून टाकला की हाती उरतात एक देखणं बंदर, एक प्रेत आणि काही विक्षिप्त शेजारी. एवढ्या भांडवलावर ज्या गावाच्या नावाने पुस्तक विकलं जातं त्या गावावर अन्याय होतो.

एरिस्केला हा प्रश्न का भिडला, हे समजायचं तर आणखी मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात साउथ यूइस्ट, बेन्बेक्युला आणि बॅरा ही बेटं जॉन गॉर्डन ऑफ क्लनी या जमीनदाराने विकत घेतली. जमिनीवर माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या, असा हिशेब करून त्याने कुळं हुसकावली. एकट्या १८५१ या वर्षात दीड हजारांहून अधिक माणसं जहाजांत घालून कॅनडाला रवाना करण्यात आली. जी मागे राहिली त्यांतल्या काहींना एरिस्केवर आसरा मिळाला. एरिस्केची जमीन इतकी खडकाळ आणि नापीक की ती मेंढ्यांसाठीही कुणाला नको होती. हे सगळं कायदेशीर होतं. जमीनदाराकडे कागद होते, हुकूम होता, पोलीस होते. १८८६च्या क्रॉफ्टर कायद्याने छोट्या कुळांना संरक्षण मिळालं खरं, पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते तसेच राहिले. १९०६पासून बॅरा आणि मिंगुले बेटांवरचे काही भूमिहीन व्हॅटरसे बेटावर गेले, झोपड्या उभारल्या, बटाटे लावले. मालकीण गॉर्डन घराण्याचीच सून होती आणि ती बेटांकडे जवळपास फिरकतही नसे. १९०८मध्ये त्यांतल्या दहा जणांना एडिनबरोच्या न्यायालयाने तुरुंगात धाडलं. लोकमत इतकं खवळलं की त्यांना मुदतीआधी सोडावं लागलं, आणि वर्षभरात सरकारने व्हॅटरसे विकत घेऊन तिथे लोकांना जमिनीचे तुकडे दिले. कालचा गुन्हा आज सरकारी धोरण झाला. हे ज्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, किंवा आजीच्या तोंडून ऐकलं, त्यांना १९४१मध्ये अबकारी अधिकारी दारात आल्यावर काय वाटलं असेल?

मॅकेंझी हे सगळं जाणून होते. ते बॅरावर घर बांधून राहिले होते, युद्धकाळात तिथल्या होमगार्डचे प्रमुख होते. त्याआधी, १९३३मध्ये, त्यांनी जॉन लॉर्न कॅम्पबेल यांच्यासोबत 'सी लीग' नावाची संघटना काढली होती. बाहेरचे मोठे ट्रॉलर मनाई असलेल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात घुसून मासळी ओरबाडून नेत, छोट्या होडीवाल्यांची जाळी फाडत, आणि सरकार त्याकडे काणाडोळा करी. संघटनेचा लढा त्याविरुद्ध होता. आता हे दोन गुन्हे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. ट्रॉलरवाल्यांनी वर्षानुवर्षं बेटांच्या तोंडचा घास पळवला, त्यांच्या मागे कुणी धावलं नाही. बेटवाल्यांनी बुडत्या जहाजावरून बाटल्या काढल्या, तर घरोघर झडती. मॅकेंझींच्या कादंबरीतलं हसू या विषमतेतून फुटतं. होमगार्डचा तो शिस्तखोर इंग्रज कॅप्टन हास्यास्पद ठरतो, कारण कायदा म्हणजे न्यायच, असं तो मनापासून मानून बसला आहे. बेटवासी त्याला उघड विरोध करतच नाहीत. सगळे नम्रपणे बोलतात, चहा देतात, आणि कुणालाच काही माहीत नसतं. दुबळ्या माणसांच्या हातातलं हे जुनं हत्यार आहे, आणि विनोदी कादंबरीत ते जितकं नेमकं दिसतं तितकं गंभीर अहवालात दिसत नाही.

तरीही त्या कथेने एक गोष्ट गाळली, आणि ती मला खटकते. कादंबरीत आणि चित्रपटात बेटवासी जिंकतात. खऱ्या बेटांवर काही माणसं तुरुंगात गेली, त्यांच्या घरच्यांनी ते आठवडे कसेबसे काढले. विनोदाला हा भार पेलला नसता, असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं, पेलला असता. ज्या गावाने झडतीच्या रात्रींवरून विनोद केले, त्याने तुरुंगातून परतलेल्यांवरूनही केले असतील. त्या हसण्यात कडवटपणा मुरलेला असणार, आणि तोच कादंबरीला आणखी खोल घेऊन गेला असता. जगभर पसरलेल्या गोड आवृत्तीत तो कडवटपणा निघून गेला. पुढच्या लेखकांनी उचलली ती ही गोड आवृत्तीच.

आजच्या बाजारात जे चालतं त्याचा साचा ठरलेला आहे. लंडन किंवा एडिनबरो सोडून कुणी तरी किनाऱ्यावरच्या गावात येतं. घटस्फोट झालेला असतो, नाहीतर नोकरी गेलेली असते. ती व्यक्ती पुस्तकांचं दुकान, बेकरी किंवा पाहुण्यांसाठी खोल्या चालवायला घेते. तिसऱ्या प्रकरणात बंदरावर प्रेत सापडतं. मेलेला माणूस बहुधा असा निवडलेला की त्याच्यासाठी कुणाला रडावंसं वाटू नये. गावचा एकटा पोलीस भला पण मंद. म्हाताऱ्या बायका चहाटळ, कोळी अबोल, धर्मगुरू विसरभोळा. शेवटी खुनी सापडतो आणि गाव पूर्वीसारखं सुंदर होतं. या सगळ्यात गाव काम करताना दिसत नाही. खेकड्यांचे पिंजरे कोण भरतं, सामन माशांच्या शेतांवर पाळी कोण करतं, मासळीच्या कारखान्यात पूर्व युरोपातून आलेली माणसं कुठे राहतात, शाळा का बंद पडली, हे कुठेच नाही. गेलिक ही बेटांची जुनी भाषा आली तर घराच्या पाटीवर येते, कुणाच्या तोंडात येत नाही.

कायद्याचंही तेच. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था इंग्लंडपेक्षा वेगळी आहे. तिथे संशयास्पद मृत्यूची चौकशी इंग्लंडसारखी कॉरोनर नावाचा अधिकारी करत नाही, ती प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाच्या हातात असते. २०१३मध्ये आठ प्रादेशिक पोलीस दलं एकत्र करून 'पोलीस स्कॉटलंड' हे एकच दल झालं, आणि निर्णय आपल्यापासून लांब गेल्याची तक्रार तेव्हापासून उत्तरेच्या बेटांवर ऐकू येते. गावच्या पोलिसाबद्दलचं प्रेम ही खरी भावना आहे आणि तिच्यामागे हा खरा इतिहास आहे. पण इंग्लंडच्या खेड्यासाठी शिवलेला अंगरखा उचलून स्कॉटिश गावाला घातला की यातलं काहीच दिसत नाही. राहिला खुनांचा प्रश्न. २०२२-२३ या वर्षात संपूर्ण स्कॉटलंडमध्ये मनुष्यवधाची ५२ प्रकरणं नोंदली गेली, आणि त्यातली फारच थोडी असल्या बेटांवरची. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांची लोकसंख्या जेमतेम २३ हजार. 'शेटलंड' या गुन्हेमालिकेत पडद्यावर तिथे जितके खून झाले तितके खरोखर झाले असते तर बेटं ओस पडली असती. कथेने आकडेवारी पाळावी अशी अपेक्षा मी करत नाही. पण जिथे खून इतका विरळा असतो तिथे तो घडला तर गाव वर्षानुवर्षं त्यातून सावरत नाही. गोड रहस्यकथेत पुढच्या रविवारी केकची स्पर्धा भरते. मेलेल्या माणसाची एवढीच किंमत धरणारं लेखन मला निर्दयी वाटतं, मुखपृष्ठ कितीही गोजिरवाणं असो.

यावर दोन उत्तरं हमखास येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिलं असं की वाचकाला दिवसभराच्या कटकटीनंतर विसावा हवा असतो. हवाच. आजारपणात, रात्रीच्या जागरणात अशा पुस्तकांनी लोकांना आधार दिला आहे आणि तो आधार खोटा नव्हता. पण विसावा देण्यासाठी गाव पोकळ करावं लागतं, हे मला मान्य नाही. माणसांची नीट ओळख असलेल्या विनोदात जो विसावा मिळतो तो जास्त टिकतो.

दुसरं उत्तर पर्यटनाचं. पुस्तकं आणि मालिका पाहून लोक येतात, खोल्या भरतात, दुकानं चालतात, हे खरं. याच उत्तरात गावाचं आजचं मोठं दुखणंही आहे. किनाऱ्यावरची घरं बाहेरचे लोक सुट्टीसाठी विकत घेतात किंवा पर्यटकांना रोजाने देतात, आणि गावातल्या शिक्षिकेला, परिचारिकेला, बोटीवर काम करणाऱ्या पोराला भाड्याने घर मिळत नाही. हा प्रश्न इतका चिघळला की स्कॉटलंडमध्ये अल्पमुदतीने घर देणाऱ्यांना परवाना घेणं सक्तीचं झालं. आधीपासून घर देणाऱ्यांना त्यासाठी १ ऑक्टोबर २०२३ची मुदत होती. आता त्या कथेची नायिका आठवा. शहरातलं घर विकून, हाती आलेल्या पैशात बंदरावरचं घर घेणारी. वाचक तिच्या बाजूने असतो, तिला सगळं मिळावं असं त्याला वाटतं. ते घर मिळावं म्हणून गावातलं कोण वाट बघत होतं, हे पुस्तक विचारत नाही. विचारलं तर विनोदाला केवढा वाव आहे! तिच्याशी अतिशय गोड वागणारं आणि आतून धुमसणारं गाव, परवान्याच्या अर्जावर हरकती घेणारे शेजारी, सगळ्यांना सगळं माहीत असूनही कुणीच काही न बोलणं. इथे रहस्यही आहे आणि हसूही.

काही जण म्हणतात, मग गंभीर रहस्यकथा वाचा. करडं आभाळ, वारा, गतकाळाच्या जखमा. त्यांतल्या चांगल्या कथा मीही वाचतो. पण नुसता काळोख हाही एक मुखवटाच आहे. बेटावरची माणसं दिवसभर सुतकी चेहऱ्याने फिरत नाहीत. गेलिकमध्ये गावच्या कवीची मोठी परंपरा आहे. कुणाची गाय हरवली, कुणाचं लग्न फिसकटलं, कुणी फुशारकी मारली की त्यावर गाणं रचायचं, आणि ज्याच्यावर रचलं त्याच्यासमोर ते म्हणायचं. गावाच्या शिस्तीचा तो भाग होता. ज्या समाजात टिंगल हे न्यायदानाचं साधन आहे तिथली गुन्ह्याची गोष्ट विनोदाशिवाय सांगितली तर ती अर्धीच राहते.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी मात्र व्हिस्कीत नाही, मासळीत आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत शेटलंड आणि पीटरहेड इथल्या बोटींनी ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा कितीतरी जास्त मॅकरेल आणि हेरिंग किनाऱ्यावर उतरवली आणि कागदोपत्री लपवली. एकूण व्यवहार सुमारे ६ कोटी ३० लाख पौंडांचा निघाला. कारखान्यात निरीक्षकांना दिसणारं वजन एक आणि खरं वजन दुसरं, अशी छुपी यंत्रणा बसवलेली होती. २०१२मध्ये बोटींच्या तांडेलांना आणि कारखान्यांना न्यायालयाने मोठे दंड केले, कमाईही जप्त झाली. तुरुंगात कुणी गेलं नाही. १९४१मध्ये काही पेट्या व्हिस्कीसाठी कैद. इथे कोट्यवधींसाठी दंड.

या प्रकरणात विनोदी कादंबरीला लागणारं सगळं आहे: छुपे काटे, डोळे झाकणारं बंदर, अचानक नव्या गाड्या आलेल्या घरांसमोरून चर्चला जाणारे शेजारी. पण इथे गावाची बाजू घेऊन हसता येत नाही. लपवलेली मासळी शेवटी त्याच समुद्रातून गेली ज्यावर गावाचीच पुढची पिढी जगणार होती. कोट्याचे नियम लांब ब्रसेल्समध्ये, युरोपीय संघाकडून, ठरत आणि मच्छीमारांचा त्यांवर राग होता, हे खरं असलं तरी नियम पाळणाऱ्या छोट्या होडीवाल्यांचं नुकसान त्याने भरून निघत नाही. म्हणजे 'गाव विरुद्ध सरकार, आणि गाव नेहमी बरोबर' हे सूत्रही पुरत नाही. लेखकाला दर वेळी नव्याने बघावं लागतं की झळ कुणाला बसली. एरिस्केच्या लोकांनी बाटल्या काढल्या तेव्हा दुसऱ्या कुणाच्या चुलीतला विस्तव विझला नव्हता. कोट्याच्या चोरीत तो विझला. एकाच किनाऱ्यावरच्या दोन गुन्ह्यांमधला हा फरक ज्याला हसत-हसत दाखवता येईल त्याची कादंबरी मी रांगेत उभा राहून घेईन.

आणि नवा मजकूर तिथे रोज तयार होतो आहे. साउथ यूइस्ट आणि एरिस्केची जमीन २००६मध्ये तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने विकत घेतली; ज्या मालकीपायी माणसं कॅनडाला गेली ती मालकी दीडशे वर्षांनी गावाकडे आली. आता जमीन आपली, पण बोट सरकारी कंपनीची. जून २०२३मध्ये साउथ यूइस्टवरच्या लॉकबॉइजडेल बंदराची बोटीची फेरी जवळपास महिनाभर रद्द झाली. दुसऱ्या मार्गावरच्या नादुरुस्त जहाजांची उणीव भरायला इथलं जहाज हलवलं गेलं होतं. शेकडो लोक आपापल्या गाड्या, ट्रक, व्हॅन घेऊन धक्क्यावर जमले आणि बोट लागतच नाही त्या धक्क्यावर रांग लावून उभे राहिले. ज्या माणसांच्या आजोबांनी तेलाने माखलेल्या कोठारातून पेट्या ओढल्या तीच ही माणसं. मासळी सडते, हॉटेलांची आरक्षणं रद्द होतात, रुग्णालयातली तारीख हुकते, आणि कुठल्याच कायद्यात याला गुन्हा म्हणत नाहीत. आपल्याकडच्या प्रकाशकांना आणि वाहिन्यांना स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं काही आणायचं असेल, तर बंदरावरच्या बेकरीतलं आणखी एक प्रेत सोडून त्यांनी त्या रांगेबद्दल लिहिणाऱ्याचा शोध घ्यावा.